व्याह्याला वाळा, मामाला शमामा

साल चौऱ्याहत्तर. मी अठरा वर्षांचा होतो, शाळा पाचवीतच सुटलेली, आणि नांदेडात मुनीरचाचांच्या अत्तराच्या दुकानात बसून पुरुषमाणसांचे वास ओळखायला शिकत होतो. हे वाक्य माझ्या नातवानं वाचलं आणि म्हणाला, आजोबा, असं लिहू नका, लोक हसतील. हसू द्या. ज्याला हसायचं त्यानं आधी आपली बगल हुंगून यावं. हा नातू लातुरात क्लास करून राहिलाय, डॉक्टर व्हायचा म्हणतात. सकाळी तो अंगावर फवारा मारून निघाला की आमच्या घरात दुपारपर्यंत डास फिरकत नाही. त्याच्या बाटल्यांवर काय लिहिलंय ते त्यानं मला एकदा वाचून दाखवलं. ही वुडी, ही फ्रेश, ही स्पायसी. पुरुषांच्या सेंटच्या म्हणे अशा फॅमिल्या असतात. मी म्हणालो, बाबा, ह्याच फॅमिल्यांपायी तुझ्या चाकूरच्या आजीचं लग्न मोडायला आलं होतं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. म्हणून लिहून ठेवतो.

आमचं घर लातूरच्या गोलाईजवळ. पुढं तेलाचं दुकान, मागं आम्ही. म्हणजे नावाला मागं, वासानं समदे एकत्रच. करडीचं तेल, भुईमुगाची पेंड, सरकीची पोती, वरनं बाजूच्या डाळमिलीतनं उडणारा पिवळा भुसा. दिवसभर मिलीचा पट्टा धडधडायचा आणि त्या तालावर अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी थापायची. तो पट्टा एखाद्या दिवशी बंद पडला की तिच्या भाकरीला चिरा जायच्या, हे मी पाहिलेलं आहे. जेवायला ज्वारीची भाकरी, खलबत्त्यात कुटलेलं लसणाचं तिखट आणि त्यावर करडीच्या कच्च्या तेलाची धार. असलं तिखट खाऊन अण्णा, म्हणजे माझे वडील, गादीवर बसायचे आणि नवा डबा आला की तेलाचा एक थेंब तळहातावर घेऊन, दुसऱ्या हातानं चोळून नाकाशी न्यायचे. मग दोनातला एकच शब्द निघायचा. खमंग, नाहीतर खवट. आमच्या घरात जगातल्या वासांची एवढीच वाटणी होती. माणसांचीही तीच. माझ्या दोन चुलत्यांपैकी एक खमंग होता.

अण्णांचं नाक मला आलं, आणि जीभ कुणाची आली देव जाणे. एक दिवस गिऱ्हाईक समोर उभं असताना मी म्हणालो, अण्णा, हा डबा खवट हाय. डबा खवट होताच. पण अण्णांचं म्हणणं, खवट असणं वेगळं आणि खवट म्हणणं वेगळं. आमचं जे भांडण झालं ते मिलीच्या पट्ट्यापेक्षा मोठं झालं, आणि माझी रवानगी नांदेडला मावशीकडं झाली. मावशीच्याच गल्लीत मुनीरचाचांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक कोनाडाच. भिंतीला आरशाची कपाटं, त्यात बोटाएवढ्या शिशा, आणि मधी चाचा, मेंदी लावलेली दाढी, सुरमा, पांढरा कुडता. मी पहिल्याच दिवशी एक शिशी हुंगून त्यांना म्हणालो, चाचा, ह्या गुलाबात गोडं तेल मिसळलंय. चाचा चिडले नाहीत. त्यांनी शिशी स्वतः हुंगली, ज्यानं ती विकली त्याच्या खानदानाचा उद्धार केला आणि मला म्हणाले, कल से आके बैठ.

खानदान हा त्यांचा आवडता शब्द. अत्तरं म्हणजे खानदानं, असं ते सांगायचे. पहिलं फुलांचं, गुलाब, मोगरा, केवडा. दुसरं मुळ्यांचं, वाळा आणि नागरमोथा, थंड आणि मातकट. तिसरं लाकडाचं, चंदन आणि ऊद. चौथं गरम मसाल्याचं, हिना आणि शमामा, ज्यात लवंग, वेलदोडा, केशर आणि आणखी काय काय असतं ते करणाराच जाणे. पाचवं जनावरांचं, कस्तुरी आणि अंबर, ज्यातलं अस्सल काही चाचांनीसुद्धा जन्मात पाहिलं नव्हतं, पण विकायचे. लिंबू-संत्र्याच्या परदेशी पाण्याला ते खानदान मानायचेच नाहीत. म्हणायचे, ते दारातनंच सलाम करून जातं, त्याला काय बसा म्हणायचं.

मला हे पाठ होईना. मग मी माझ्या पद्धतीनं बसवलं. फुलं म्हणजे आत्याबाई, आल्या आल्या गोड बोलतात, गालावर हात फिरवतात आणि चहा व्हायच्या आत निघून जातात. मुळ्या म्हणजे शेतावरचा चुलता, कमी बोलणार, पण त्याच्याजवळ बसलं की डोकं थंड होतं. लाकूड म्हणजे बाजेवरचा म्हातारा, लवकर कळत नाही, पण दुसऱ्या दिवशीही तिथंच असतो. मसाला म्हणजे मोठ्यानं बोलणारा मामा, तो येतोय हे चौकातनंच कळतं. आणि जनावर म्हणजे प्रत्येक घरात असतो तो एक बाहेरख्याली काका, ज्याच्यावाचून बैठक रंगत नाही आणि ज्याला एकट्याला घरात घेता येत नाही. चाचांना हे सांगितलं तर ते इतके हसले की सुरमा गालावर आला. त्यानंतर ते गिऱ्हाइकालासुद्धा म्हणायचे, हुजूर को चाचा दूँ या मामू?

नाक थकलं की स्वतःची बाही हुंगायची, हे त्यांनीच शिकवलं. अपने घर की बू से नाक ठिकाने पे आती, म्हणायचे. माझ्या बाहीला कितीही धुतली तरी करडीचाच वास यायचा. आणि गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्याकडं बघायचं. जाडा, घामट, तापट असेल तर थंड अत्तर. वाळका, थंड हातांचा असेल तर गरम. उन्हाळ्यात वाळा आणि केवडा, थंडीत हिना आणि ऊद. बाटलीतला वास खरा नव्हे, अंगावर चढेल तो खरा. एकाच शिशीतलं मोगऱ्याचं अत्तर मी एकाच्या मनगटावर बागेसारखं आणि दुसऱ्याच्या मनगटावर नासलेल्या दुधासारखं पाहिलंय. आता नातू काय करतो, जाहिरातीतल्या पोराला जो वास म्हणे येतो तो आपल्याला यावा म्हणून बाटली आणतो. अरे, त्या पोराचा आणि तुझा घाम एक आहे का?

हे असं मजेत चाललेलं असताना अक्काचं लग्न ठरलं. अक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि जिभेनं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी. स्थळ चाकूरचं. व्याही गुरप्पा, किराणा आणि शेती दोन्ही असलेले, पोटानं आणि रागानं मोठे. अण्णांचा निरोप आला तो असा, की लग्नात वऱ्हाडाला लावायला गुलाबाची एक मोठी शिशी घेऊन ये, आणि लग्न झालं की नांदेड बंद, दुकानात बसायचं. झालं. म्हणजे माझं सगळं ह्या एका लग्नावर आलं. मी विचार केला, वऱ्हाड मांडवाच्या दारात आलं की अत्तर लावायचं काम माझंच. चार लोकांदेखत असं अत्तर लावतो की अण्णांनी म्हणावं, पोरगं काहीतरी शिकलं, जाऊ द्या त्याला माघारी. गुलाब तर काय, कुणीही लावतं. मी प्रत्येकाला त्याच्या अंगाचं अत्तर लावणार होतो. पगाराच्या बदल्यात चाचांकडनं सात शिशा मागितल्या.

चाचांनी शिशा दिल्या, पण हात धरून ठेवला. "एकच ले जा, बेटा. शादी में नाक कम रहते, नाकवाले ज्यादा."

मला वाटलं, म्हाताऱ्याचा जीव शिशांत अडकलाय.

लग्न ऐन उन्हाळ्यात, घरासमोरच मांडव. आठ दिवस आधीपासून येसराचा, म्हणजे लग्नातल्या आमटीचा, मसाला कुटला जात होता आणि गल्लीभर सगळे शिंकत होते. वऱ्हाड ट्रकनं आलं, बँड लावून मांडवाच्या दारात आलं, आणि मी नवा सदरा घालून शिशांची पेटी उघडून उभा राहिलो. गुरप्पा पुढं, लाल पटका, घामानं निथळत होते. असल्या माणसाला असल्या उन्हात काय लावावं, हे चाचांच्या दुकानातल्या मांजरालाही कळलं असतं. वाळा. मी त्यांच्या मनगटावर वाळा लावला. त्यांच्यामागं त्यांचा मेव्हणा, म्हणजे नवरदेवाचा मामा. हाडं मोजून घ्यावीत असा, उन्हातही हात थंडगार. त्याला शमामा. नवरदेवाला चंदन, कारण साखरपुड्यात तो दोन तासांत दोनच वाक्यं बोलला होता आणि दोन्ही खरी होती. एका मास्तरांना केवडा, एका तालीमबाजाला हिना. मी असा रंगात आलो होतो की बँडवाल्यालाही मोगरा लावला.

तेवढ्यात गुरप्पांनी हात नाकाशी नेला. मग मेव्हण्याचा हात ओढून नाकाशी नेला. मग माझ्याकडं बघून विचारलं, हे काय लावलं रे मला. बँड चालू होता, म्हणून मी ओरडून सांगितलं, वाळा, अप्पा, तुम्हाला वाळा! आणि मेव्हण्याला काय? त्यांना शमामा, केशराचा. मी हे अभिमानानं सांगितलं. मी आजही म्हणतो, निवड बरोबर होती. पण गुरप्पांना वाळा म्हणजे कचेरीच्या खिडकीला बांधून शिपायानं पाणी मारायची ताटी एवढंच ठाऊक होतं. नवरदेवाच्या बापाला ताटीचा वास आणि त्याच्या मेव्हण्याला केशर. त्या दोघांचं आधीपासूनच पटत नव्हतं, हे मला कुठं माहीत. मग प्रत्येकजण शेजाऱ्याचा हात हुंगायला लागला. पटकेवाली मोठाली माणसं, बाजारात बैल एकमेकांना हुंगतात तशी एकमेकांना हुंगत होती. तुला काय, मला काय, तुझं भारी की माझं. मास्तरांना कुणीतरी सांगितलं की केवडा पाचपन्नास बायकांच्या वेणीत असतो, तर मास्तर हात धुवायला पाणी मागू लागले.

एवढ्यावर भागलं असतं. पण माझं ते ओरडणं बँडमधनं गळून बायकांच्या बाजूला पोचलं, आणि तिथं ते असं पोचलं की नवरीच्या भावानं व्याह्यांना वाळा घातला. वाळा म्हणजे पायातला. तान्ह्या पोराच्या बारशाला घालतात तो. अव्वा मांडवात धावत आली, आणि आधी तिनं गुरप्पांच्या पायाकडं बघितलं. मग मला विचारलं, बश्या, व्याह्यांना वाळे कामून घातलेस, बारसं हाय का? हे गुरप्पांच्या बायकोनं ऐकलं. ती बिचारी सकाळपासून गंभीर होती, तिला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती हसली, तिच्यामागं तिच्या जावा हसल्या, आणि मांडवभर झालं. वाळ्याच्या ताटीवर गुरप्पांचा राग निम्मा होता, बायकोच्या हसण्यावर तो पुरा झाला. ते सरळ ट्रकच्या कॅबिनमध्ये जाऊन बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, टरक फिरव.

आता हे जे झालं ते सांगतो. अण्णा कॅबिनच्या दाराशी उभे. चार मोठी माणसं समजूत घालतायत. कुणी म्हणतं गुलाब आणा, पुन्हा लावू. गुरप्पा म्हणतात, आता गुलाब लावला तर मेव्हण्याचं केशर जाणार हाय का? अक्षतांची वेळ टळत चाललेली. लग्न लावणारे आमचे स्वामी तांदळाचं ताट घेऊन एकदा सावलीकडं आणि एकदा सूर्याकडं बघतायत. मी पेटी छातीशी धरून उभा होतो आणि मला एकच दिसत होतं, अक्का घरात बसलीय आणि ट्रकनं भोंगा दिलाय. आमच्यात मांडवातनं माघारी गेलेल्या वराची पोरगी पुन्हा कोण करतं? माझं नांदेड तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हतं.

तेवढ्यात अक्काच बाहेर आली. बाशिंग बांधलेलं, हळदीचे हात, मागं बायका तिला ओढतायत. ती माझ्यापुढं आली आणि हात पुढं केला. पेटी. मी दिली. तिच्यापुढं न देण्याची हिंमत मला अजूनही नाही, ती आता सत्तरीपुढची आहे. तिनं स्वामींच्या ताटाशेजारची पितळी वाटी घेतली आणि एकेक करून साती शिशा त्या वाटीत उपड्या केल्या. गुलाब, मोगरा, केवडा, वाळा, हिना, शमामा, चंदन. माझी सहा महिन्यांची कमाई. माझ्या तोंडातनं आवाज निघाला तो मी नंतर फक्त एका म्हशीकडनं ऐकला. मग वाटी घेऊन ती ट्रकपाशी गेली.

"अप्पा, आमच्या बश्याला कुणाच्या अंगाला काय जातं एवढंच कळतं. कुणाचा मान केवढा, ते त्याला कळत न्हाई. हात आना."

गुरप्पांनी हात दिला. का दिला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सून होणारी पोरगी भर उन्हात ट्रकपाशी येऊन हात मागते, त्यावर काय करायचं ह्याची रीतच नव्हती. तिनं वाटीत बोट बुडवून त्यांच्या मनगटावर चोळलं, मग तिथंच मामाच्या, मग अण्णांच्या, मग स्वतःच्या.

"आता समद्यांचा वास सारखा," ती म्हणाली. "वाईट हाय, पन सारखा हाय."

वाईट होता. पान खाल्लेलं ओलं बोकड फुलांच्या टोपलीत पडावं, तसा होता. गुरप्पांनी हात हुंगला, ठसकले, डोळे पुसले, आणि कॅबिनमधनं उतरले. अण्णांच्या खांद्यावर तोच हात ठेवून म्हणाले, "लेक नेतो आमी. पोरगं मातर तुमचं तुमालाच लखलाभ."

मग मांडव हसला, आणि ह्या खेपेला गुरप्पाही हसले. वाटी पुरुषांत फिरली, बायकांत फिरली, ज्यानं त्यानं बोट बुडवून घेतलं. स्वामी मंत्र कमी म्हणाले आणि शिंकले जास्त. पंगतीत बुंदीला हिनाचा वास, वांग्याच्या भाजीला केवड्याचा. अजून चाकुरात कुणी भेटलं तर म्हणतं, तुमच्या अक्काच्या लग्नातली बुंदी दोन दिवस ढेकरातनं येत होती. अक्का ट्रकमध्ये बसताना रडली नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, त्यांना चंदन कामून लावलंस? मी म्हणालो, टिकतं म्हणून. तिनं मान डोलावली आणि गेली. पाठवणीनंतर अण्णा दोनच वाक्यं बोलले. "नाक कापलंस, बश्या. उद्या सकाळी गादीवर बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली, पडल्या पडल्या नाक खाजवायला म्हणून हात वर नेला आणि हात तिथंच राहिला. कालचं बोकड गेलं होतं. आत्याबाई रातोरात निघून गेल्या होत्या, मोगऱ्याचा नुसता माग राहिला होता. मामाचा आवाज बसला होता, नुसती ऊब उरली होती. खाली वाळा, त्याखाली चंदन, आणि सगळ्यांचं मिळून असं काहीतरी झालं होतं की जे चाचांच्या एकाही शिशीत नव्हतं. मी बाही हुंगली, करडी. पुन्हा हात हुंगला. तेच. धावत मोरीत गेलो, तर अव्वानं वाटी राखेनं लखलखीत घासून पालथी घातलेली.

पुढं दुकानात आलो. अण्णा गादीवर बसले होते. नवा डबा समोर उघडा, पण त्याच्याकडं लक्ष नाही. मिशी पुसायच्या निमित्तानं मनगट वर जात होतं, थांबत होतं, खाली येत होतं. पुन्हा मिशी. मी उभा राहून बघितलं. त्यांनी मला बघितलं आणि हात खाली घेतला, आणि मग, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, त्यांना दोन शब्दांत भागवता आलं नाही.

"बश्या, ह्यो कसला हाय रे?"

"मला न्हाई माहीत," मी म्हणालो. "चाचाला इचारावं लागतंय."

अण्णांनी डब्याकडं बघितलं, मिलीकडं बघितलं, आणि गादीवर माझ्यासाठी मोकळी ठेवलेली जागा होती तिथं वजनाचा काटा सरकवून ठेवला. मी कालचाच सदरा घातला, अव्वाकडनं भाकरी बांधून घेतली. अण्णांना सांगितलं, आज हात धुऊ नका. आणि नांदेडची पहिली यष्टी धरली, एका हातानं दांडा आणि दुसरा हात खिशात, वाऱ्यापासून लांब.